तिरंग्यातल्या रंगांचे अर्थ कुणी ठरवले, आणि चरखा का गेला?

तुमच्या वर्गातले तीन प्रश्न तुम्ही पाठवले आहेत. एक, केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा बाकी सगळ्यांचा, हे खरं का? दोन, अशोकचक्राचे २४ आरे म्हणजे २४ गुण, ते मुलांनी पाठ करायचे का? तीन, झेंडा पिंगली वेंकय्यांनी केला की सुरैया तय्यबजींनी? माझी सगळी नोकरी खादीच्या झेंड्यांच्या कामात झाली. आधी कापड तपासणीवर होतो, नंतर छपाई आणि शिलाईवर. इतिहास वाचला तो या कामाच्या नादाने, त्यामुळे उत्तरही त्याच अंगाने देतो.

आधी थेट सांगून टाकतो. रंगांचा धर्मांशी संबंध १९२१ साली होता, १९३१ साली तो विचारपूर्वक तोडला. २४ आऱ्यांचा कुठलाही अधिकृत अर्थ नाही. आणि झेंडा कुणा एकाने केलेला नाही. आता हे कसं घडलं ते पाहू.

सुरुवात बंगालच्या फाळणीविरुद्धच्या चळवळीत होते. ७ ऑगस्ट १९०६ ला कोलकात्यात, पारशी बागान चौकात एक तीन पट्ट्यांचा झेंडा फडकला. पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ ला, मादाम भिकाईजी कामा यांनी जर्मनीत स्टुटगार्ट इथल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत त्याच जातकुळीचा झेंडा उलगडला. वर हिरवा पट्टा, त्यावर आठ प्रांतांची आठ कमळं. मधे पिवळसर केशरी, त्यावर देवनागरीत 'वन्दे मातरम्'. खाली तांबडा, त्यावर एका टोकाला सूर्य आणि दुसऱ्या टोकाला चंद्रकोर. हा झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला आणि तो पुण्यात केसरीवाड्यात आहे. शाळेची सहल पुण्याला जाणार असेल तर शनिवारवाड्याबरोबर हेही ठिकाण यादीत घाला, तिथून फार लांब नाही.

त्या झेंड्याकडे मी शिलाईवाल्याच्या नजरेने बघतो तेव्हा पहिली अडचण दिसते ती अक्षरांची. झेंडा भिंतीवरच्या फलकासारखा एकाच बाजूने वाचायचा नसतो. तो काठीवर फडकतो, अर्धे लोक या बाजूला, अर्धे त्या बाजूला. एकेरी कापडावर 'वन्दे मातरम्' लिहिलं की मागून ते उलटं दिसणार. दोन्हीकडून सरळ हवं तर कापड दुहेरी घ्यावं लागतं, म्हणजे वजन दुप्पट, आणि जड झेंडा मंद वाऱ्यात काठीला चिकटून बसतो. पुढची चाळीस वर्षं आपल्या झेंड्यावर काय ठेवायचं याचा जो खल झाला, त्यात ही अडचण शेवटपर्यंत होती. १९४७ साली ती संविधान सभेत अक्षरशः बोलून दाखवली गेली, त्यावर पुढे येतो.

मधला होमरूल चळवळीचा झेंडा, ॲनी बेझंट आणि टिळकांच्या काळातला, विचित्रच होता. पाच तांबडे आणि चार हिरवे आडवे पट्टे, त्यावर सप्तर्षींच्या मांडणीत सात तारे, एका कोपऱ्यात चंद्रकोर आणि तारा, आणि काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात चक्क युनियन जॅक. मागणी साम्राज्याच्या आतल्या स्वराज्याची होती, म्हणून तो कोपरा. राजकारण पुढे सरकलं आणि झेंडा मागे पडला.

आता पिंगली वेंकय्या. आंध्रात मछलीपट्टणजवळच्या भाटलपेनुमर्रूचा हा माणूस, जन्म १८७६ चा. १९१६ साली त्यांनी भारताच्या राष्ट्रध्वजासाठी तीस नमुने असलेली पुस्तिका काढली होती, म्हणजे विषयाचा ध्यास जुना. १९२१ च्या वसंतात बेजवाडा, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, काँग्रेस महासमितीची बैठक भरली. चरखा झेंड्यावर घ्यावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची. गांधीजींनी वेंकय्यांना तांबड्या-हिरव्या जमिनीवर चरखा काढून द्यायला सांगितलं आणि त्यांनी तीनेक तासांत नमुना तयार केला. तो महासमितीपुढे ठेवायला मात्र थोडा उशीर झाला. गांधीजींनी नंतर 'यंग इंडिया'त लिहिलं की उशीर झाला ते बरंच झालं, कारण तेवढ्या वेळात त्यांच्या लक्षात आलं की तांबडा हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा धरला तर बाकीच्या धर्मांचं काय? म्हणून पांढरा आला.

तुमच्या विद्यार्थ्याने जे ऐकलंय ते इथून आलेलं आहे, आणि त्या वेळेपुरतं ते बरोबर होतं. पण तेव्हाच्या झेंड्यात केशरी नव्हताच. वर पांढरा, मधे हिरवा, खाली तांबडा, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला मोठा चरखा. क्रमालाही कारण होतं. संख्येने सर्वांत लहान ते सर्वांत वर, संख्येने सर्वांत मोठे ते तळाशी, थोरल्याने धाकट्याला खांद्यावर घ्यावं तसं. मला स्वतःला ही कल्पना फार आवडते. पण आवडणं वेगळं आणि टिकणं वेगळं. एकदा पट्टे समाजांच्या नावावर झाले की आमचा पट्टा कुठे, हा प्रश्न येणारच. तो आलाच. शिखांनी आपला रंग मागितला.

नागपूरचा झेंडा सत्याग्रह याच पांढऱ्या-हिरव्या-तांबड्या झेंड्यासाठी झाला. १ मे १९२३ पासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोज स्वयंसेवकांची तुकडी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सच्या दिशेने निघायची, पोलीस अडवायचे, अटक करायचे, दुसऱ्या दिवशी नवी तुकडी. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेल आणि विठ्ठलभाई पटेल यांनी सूत्रं घेतली. देशभरातून लोक येऊन अटक करवून घेत होते. कवयित्री सुभद्राकुमारी चौहान त्यात होत्या. मागणी काय होती? गोऱ्या साहेबांच्या वस्तीतल्या रस्त्यावरून झेंडा घेऊन चालत जाऊ द्या, एवढीच. १८ ऑगस्टला शंभर जणांची मिरवणूक त्या रस्त्याने गेली आणि सत्याग्रह संपला.

शाळेच्या नाटकांत आणि चित्रांत मात्र नागपूरच्या सत्याग्रहींच्या हातात सर्रास अशोकचक्राचा झेंडा देतात. सोलापूरलाही तेच. सोलापूर नगरपालिकेवर ६ एप्रिल १९३० ला फडकला तोही चरख्याचाच झेंडा, आणि त्यात केशरी नव्हता. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार मेहता गोळ्या झेलून पडला तेव्हा त्याच्या हातात तिरंगा होता, केशरी-पांढरा-हिरवा, पण मधे चरखा. तुमच्या मुलांचं गॅदरिंग बसवताना एवढं सांभाळलंत तरी निम्मा इतिहास शिकवून झाला.

आता १९३१, हे सर्वांत महत्त्वाचं वर्ष, आणि पाठ्यपुस्तकात याला जेमतेम एक ओळ मिळते. कराचीला काँग्रेस कार्यसमितीने झेंड्यासाठी सात जणांची समिती नेमली. सरदार पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, नेहरू, पट्टाभी सीतारामय्या, आणि आपल्याकडचे म्हणावेत असे दोघं: साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर, ज्यांनी हिंदुस्थानी सेवा दल उभं केलं. झेंडावंदनाची शिस्त, सलामी, काठी कशी धरायची, हे गावोगावच्या स्वयंसेवकांना शिकवण्यात या सेवा दलाचा मोठा वाटा.

या समितीने काय सुचवलं ते ऐकून आज लोक चमकतात. पूर्ण झेंडा एकाच रंगाचा, केशरी, आणि काठीकडच्या वरच्या भागात तांबूस-तपकिरी चरखा. तर्क असा की पट्टेच नकोत, म्हणजे वाटणीचा वादच नको. नेहरू आणि आझाद या समितीत होते हे लक्षात घ्या, म्हणजे आजच्या चष्म्यातून तो निर्णय वाचायचा मोह होणार नाही. पण ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला महासमिती भरली आणि तिने शिफारस फेटाळली. लोकांना तीन रंगांची सवय झाली होती, त्यासाठी माणसं तुरुंगात जाऊन आली होती. मग मधला मार्ग निघाला. तांबड्याच्या जागी केशरी, तोही सर्वांत वर. पांढरा मधे, म्हणजे निळा चरखा उठून दिसेल. हिरवा खाली. आणि ठरावातच लिहिलं की या रंगांना जातीय अर्थ नाही. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे शांती आणि सत्य, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य, चरखा म्हणजे सामान्य जनतेची आशा.

म्हणजे समाजांच्या जागी गुण आले ते ठरवून आणले, आधीच्या अर्थाने भांडणं होताहेत हे दिसल्यावर. मुलांना हे जसंच्या तसं सांगा. "धर्मांचे रंग ही अफवा आहे" असं सांगितलंत तर एखादा हुशार मुलगा गांधीजींचा १९२१ चा लेख शोधून आणेल आणि तुम्ही तोंडघशी पडाल.

१९४७ कडे येऊ. जून महिन्यात संविधान सभेने राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली ध्वज समिती नेमली. आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, क. मा. मुन्शी, डॉ. आंबेडकर वगैरे मंडळी त्यात होती. काँग्रेसचाच झेंडा घ्यायचा, पण तो एका पक्षाचा दिसू नये असा बदल करून, अशी दिशा ठरली. २२ जुलै १९४७ ला नेहरूंनी सभेपुढे ठराव मांडला आणि दोन झेंडे दाखवले, एक रेशमी, एक सुती खादीचा.

चरखा का काढला, याचं कारण नेहरूंनी त्या भाषणात सांगितलं आणि ते आमच्या धंद्यातलं कारण आहे. चरख्याला एका बाजूला चाक असतं, दुसऱ्या बाजूला चाती, म्हणजे सूत कातायची टोकदार सळई, आणि मधे दोघांना जोडणारी दोरी, ती माळ. झेंड्याच्या पुढच्या बाजूला चाक काठीकडे असेल तर कापडातून मागे ते काठीकडेच राहतं, पण बघणाऱ्याला चित्र उलटं दिसतं, डावीकडचं चाक उजवीकडे. मागूनही चित्र तसंच दिसावं म्हणून वेगळं छापलं, तर चाक झेंड्याच्या मोकळ्या टोकाला जातं, आणि ते काठीकडेच हवं. दोन्हीतून सुटका नाही. म्हणून चाती आणि माळ सोडली आणि नुसतं चाक ठेवलं. चाक कुठल्याही बाजूने बघा, चाकच. मग चाक ठेवायचंच तर कोणतं, यावर सारनाथच्या सिंहस्तंभशीर्षावरचं चाक निवडलं. नेहरूंनी अशोकाचा काळ हा भारताचं नाव सीमेपलीकडे नेणारा काळ म्हणून गौरवला, हे खरंच. पण मोठा विचार आणि कापडाची अडचण एकाच उत्तराने सुटली, हे त्या निर्णयाचं खरं सौंदर्य. कामात असलेल्या माणसाला ते चटकन कळतं.

गांधीजींना चरखा गेलेला रुचला नाही, ते त्यांनी लपवलंही नाही.

सारनाथचं ते शीर्ष १९०४-०५ च्या उत्खननात सापडलं आणि तिथल्याच संग्रहालयात आहे. चार सिंह ज्या गोल बैठकीवर बसलेत तिच्या कडेला हत्ती, घोडा, बैल आणि सिंह, आणि दोघांच्या मधे एकेक चक्र. आपल्या झेंड्यावरचं चक्र ते. त्याला २४ आरे आहेत म्हणून आपल्या चक्राला २४ आरे, एवढंच. ठरावात लिहिलंय ते असं की चक्राची रचना सारनाथच्या शीर्षपट्टीवरच्या चक्राप्रमाणे असेल आणि व्यास अंदाजे पांढऱ्या पट्ट्याच्या रुंदीइतका असेल. २४ तास, २४ गुण, २४ ऋषी, या याद्या नंतरच्या. दर ऑगस्टात मोबाइलवर फिरतात आणि दरवर्षी गुणांची यादी थोडी वेगळी असते! आवडल्या तर सुविचार म्हणून फळ्यावर लिहा, परीक्षेत विचारू नका.

रंगांच्या अर्थाचंही एक बारीक प्रकरण आहे. २२ जुलैच्या ठरावात रंगांचे अर्थ लिहिलेलेच नाहीत. गडद केशरी, पांढरा, गडद हिरवा, समान प्रमाणात, रुंदी आणि लांबी साधारण दोनास तीन, बस. आज आपण जे अर्थ सांगतो, म्हणजे केशरी त्यागाचा आणि निःस्वार्थतेचा, पांढरा प्रकाशाचा आणि सत्याच्या मार्गाचा, हिरवा मातीशी आणि वनस्पतिजीवनाशी असलेल्या नात्याचा, चक्र धर्माचं आणि गतीचं, ते सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी त्या दिवशी सभेत केलेल्या भाषणातले. पुढे ते सरकारी माहितीत आणि ध्वजसंहितेत उद्धृत झाले. म्हणजे हिरव्याचा अर्थ १९२१ ला एक, १९३१ ला दुसरा आणि १९४७ ला तिसरा. मुलांना तीन रकाने आखून तीन साली तीन अर्थ लिहायला लावा, त्यांना आपोआप प्रश्न पडतील.

आता श्रेय. १९२१ च्या झेंड्याचं चित्र वेंकय्यांचं, यात वाद नाही. १९३१ चा बदल समितीचा आणि महासमितीचा. १९४७ ला चक्राची कल्पना आणि पहिला नमुना आपल्या घरून गेला असं सनदी अधिकारी बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याकडून सांगितलं जातं, आणि नमुना शिवून घेण्याचं काम त्यांच्या पत्नी सुरैयाबाईंनी पाहिलं. ते खोटं मानायला मला कारण दिसत नाही. पण संविधान सभेच्या ठरावात रचनाकार म्हणून कुणाचंच नाव नाही. "वेंकय्यांच्या झेंड्यातून आलेला, समितीने बदललेला, तय्यबजींचा हात लागलेला" असं लांबलचक वाक्य प्रश्नपत्रिकेतल्या रिकाम्या जागेत मावत नाही, ही अडचण प्रश्नपत्रिकेची.

थोडं कामाचं सांगतो, कारण मुलांना यात रस येतो. स्वतंत्र भारताने वस्तूंची मानकं ठरवायला सुरुवात केली तेव्हा क्रमांक १ चं मानक राष्ट्रध्वजाचं केलं. त्यात नऊ मापं आहेत. सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत छोटा टेबलावरचा १५० बाय १००. गाडीवरचा २२५ बाय १५०. शाळेत बहुधा १८०० बाय १२०० किंवा १३५० बाय ९०० चा असतो. १८०० बाय १२०० च्या झेंड्यात प्रत्येक पट्टा ४०० मिलिमीटरचा आणि चक्र ३७० चं, म्हणजे वर-खाली मोजून १५-१५ मिलिमीटर पांढरं राहिलं पाहिजे. बाजारातल्या झेंड्यात चक्र हिरव्याला टेकलेलं दिसलं की माझा हात आपोआप पट्टीकडे जातो.

झेंड्याचं अंग विरळ विणीच्या खादीचं, त्याला आम्ही बंटिंग म्हणतो. काठीकडचा नेफा, ज्यातून दोरी जाते, तो खादी डकचा, म्हणजे जाड, घट्ट विणीच्या खादीचा, कारण सगळा ताण तिथे येतो. झेंडा फाटतो तो मात्र बहुतेक वेळा मोकळ्या टोकाला, तिथे वारा चाबकासारखा आपटतो. छपाईत खरी परीक्षा चक्राची. ते दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे, म्हणून पांढरा तुकडा एका बाजूने छापून, वाळवून, उलटवून दुसऱ्या बाजूने छापतात. तो उजेडासमोर धरायचा. दोन्ही छाप एकावर एक बसले असतील तर एकच चक्र दिसतं. केसभर सरकले असतील तर आऱ्यांच्या कडा दुहेरी दिसतात, आणि तो तुकडा बाद. नेहरूंचा मुद्दा त्या उजेडात रोज कळतो, कारण इथे सरकलेला छाप निदान चक्रच राहतो. चरखा असता तर दोन चात्या दिसल्या असत्या.

खादीचे प्रमाणित झेंडे मुख्यतः हुबळीजवळच्या बेंगेरीला आणि आपल्या नांदेडला होतात. नांदेड म्हणजे निजामाचा मुलूख. १५ ऑगस्ट १९४७ ला सगळा देश झेंडे लावत होता तेव्हा हैदराबाद संस्थानात तिरंगा लावणं म्हणजे तुरुंग होता, आणि स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. मराठवाड्यातल्या शाळेत शिकवत असाल तर हे एवढं नक्की सांगा.

डिसेंबर २०२१ अखेर ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरचे आणि पॉलिएस्टरचे झेंडेही चालू लागले. घरोघरी झेंडा पोचायला त्याने मदत झाली हे मान्य. पण मला तो बदल रुचलेला नाही. गांधीजींच्या झेंड्यात चरखा चित्रात होता आणि कापडातही होता. १९४७ ला चित्रातला गेला, कापडातला राहिला होता.

तुम्ही शेवटी विचारलंत की वर्गात झेंडा भिंतीवर उभा लावायचा तर केशरी कुठल्या बाजूला. समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला. आडवा असेल तर केशरी वर, हे सांगायला नकोच. विटलेला किंवा फाटलेला झेंडा फडकावत ठेवू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. शाळेच्या मागे, मुलांची गर्दी न करता, पूर्ण जाळून टाका, संहितेत तीच पद्धत सुचवली आहे. कागदी झेंडे १५ ऑगस्टच्या दुपारी मैदानावरून गोळा करायला दोन मुलं नेमा, पाऊस असतोच आणि संध्याकाळपर्यंत ते चिखलात जातात.